पाय हलके ठेव

फ्लाइंग क्लबातले मास्तर विमान शिकवायचे ते गाण्यातून. उड्डाणाआधी पंखाखाली वाकून इंधन तपासताना म्हणायचे, ‘डावी टाकी, उजवी टाकी, बघून घे गं काय ते बाकी.’ इंजिन सुरू झालं की समोरच्या काट्यांवर बोट ठेवून, ‘तेलाचा काटा हिरव्यात उभा, तरच आभाळाची मिळेल मुभा.’ आणि इंजिन बंद पडल्याचा सराव असला की इंजिनाचा जोर घालवायला थ्रॉटल मागं ओढून, मुद्दाम आळसावलेल्या आवाजात, ‘इंजिन रुसलं? नाक नमव. वेग सांभाळ, मग जागा जमव.’ नवे विद्यार्थी पहिल्या दिवशी तोंड दाबून हसायचे. पुढं तेच विद्यार्थी आंघोळ करताना, भाजी चिरताना, सिग्नलला थांबल्यावर ह्या ओळी पुटपुटायचे. मास्तरांचा विद्यार्थी एक वेळ स्वतःचं नाव विसरेल, पण तपासणीतली पायरी विसरणार नाही, असं क्लबात म्हणत.

धाकटी त्यांची विद्यार्थिनी होती आणि मुलगीही. घरी ‘बाबा’, विमानांच्या हँगरच्या दारातून आत पाऊल टाकलं की ‘सर’. हा नियम मास्तरांचाच. तेही घरी तिला ‘बयो’ म्हणत आणि क्लबात ‘कॅप्टन’. कॅप्टन व्हायला अजून अवकाश होता. खासगी वैमानिकाच्या परवान्यासाठीची उड्डाण-चाचणी पुढच्या आठवड्यात होती, आणि ती जवळ येईल तसं घरातलं जेवणसुद्धा तोंडी परीक्षा होऊन बसलं होतं.

‘बयो, दोन्ही रेडिओ गेले. काय करशील?’

‘आधी तिला घास गिळू द्या,’ आई म्हणायची.

‘घास गिळेपर्यंत विमान थांबतं का?’

धाकटीला हे आवडायचं. लहानपणापासून तिनं बाबांना आभाळाकडे बघून वारा ओळखताना पाहिलं होतं. त्यांच्याबरोबर बसली की विमान लोण्यासारखं उतरायचं. चाकं टेकली हे कळायचं ते आवाजावरून, धक्क्यावरून नाही. धावपट्टीची मधली पांढरी रेघ नाकाखाली अशी सरळ यायची, जणू कुणी दोरी ओवतंय. ती नाक वळवणाऱ्या पायातल्या पेडलवर जोर द्यायला गेली की बाबा हळूच म्हणत, ‘पाय हलके ठेव. विमानाला कळतं.’ आणि खरंच कळायचं. तिच्या तळव्याखाली पेडल आपणहून सरकायचं, नाक सरळ व्हायचं, आणि तिला वाटायचं, किती गुणी आहे हे विमान!

ह्याच विमानावर तिचा दादाही शिकला होता, बाबांकडेच. पाच वर्षांपूर्वी चाचणीच्या दिवशी वाऱ्यानं त्याला रेघेवरून ढकललं, एक चाक गवतात गेलं, आणि दादा नापास झाला. त्यानंतर त्यानं क्लबाचं तोंड पाहिलं नाही. आता तो दुसऱ्या गावात विम्याच्या ऑफिसात होता, आणि घरी यायचा तो बाबा क्लबात असतील अशा वेळी. कुणी विचारलं तर मास्तरांचं उत्तर ठरलेलं, ‘हात चांगले होते त्याचे. पाय नव्हते.’ ते हे रागानं म्हणत नसत. डॉक्टरनं निदान सांगावं तसं म्हणत. एकदा तेच वाक्य दादाच्या देखत निघालं. दादा जेवत होता. त्यानं ताट अर्धंच सोडलं, हात धुतले आणि शेवटच्या बसची वाट न बघता चालत स्टँडवर गेला. धाकटी तेव्हा मनात म्हणाली होती, माझे आहेत पाय. मी दाखवीन.

चाचणीआधी दुसऱ्या इन्स्ट्रक्टरबरोबर एक सराव-चाचणी द्यायची असा क्लबाचा दंडक होता. ती घ्यायला आल्या करवतमॅडम. हे नाव विद्यार्थ्यांनी ठेवलेलं, कारण बाईंची जीभ जातानाही कापायची आणि येतानाही. नाव त्यांनाही ठाऊक होतं. त्यांनी ते आपल्या चहाच्या कपावर स्वतःच्या हातानं लिहून घेतलं होतं.

दुपार होती. पट्टीशेजारच्या खांबावरची, वाऱ्याची दिशा दाखवणारी नारिंगी पिशवी डावीकडून वारा पिऊन टम्म फुगलेली. मास्तर दुपारी धाकटीला शेजारी बसल्याशिवाय कधी सोडत नसत. तिची एकटीची सगळी उड्डाणं सकाळची, चुलीचा धूर सरळ वर जातो अशा वेळची.

वरचं सगळं छान झालं. वळणं झाली, इंजिन रुसलं, नाक नमलं, जागा जमली. करवतमॅडम नुसत्या ‘हं’ म्हणत होत्या, आणि त्यांचं ‘हं’ म्हणजे इतरांची टाळी. मग उतरायची वेळ आली.

‘वेग उतरला, फ्लॅप उतरव, पट्टी आली, नजर पसरव,’ धाकटीनं ओठातल्या ओठात म्हटलं आणि नजर पट्टीच्या दूरच्या टोकाला लावली. वारा डावीकडून लोटत होता म्हणून नाक डावीकडे वळवून ती तिरकी येत होती. शिकवलं होतं तसंच. आता जमिनीजवळ नाक सरळ व्हायचं होतं.

ती वाट बघत राहिली.

पट्टी मोठी झाली, रुंद झाली, रबराचे काळे डाग दिसायला लागले. नाक डावीकडेच. पेडल तळव्याखाली थंड, मेल्यासारखं पडलेलं.

‘उजवा पाय!’ मॅडम ओरडल्या. ‘अगं, उजवा पाय दे!’

चाकं तिरकी टेकली. रबर किंचाळलं, विमान हिसका देऊन उसळलं. ‘माझ्याकडे!’ म्हणत मॅडमनी थ्रॉटल पूर्ण पुढं ढकललं आणि त्या विमान वर घेऊन गेल्या. दुसऱ्या खेपेला धाकटीनं घाबरून एवढ्या जोरानं पाय दिला की नाक गवताकडे वळलं. तिसऱ्या खेपेला मॅडमनी विचारलंच नाही. स्वतः उतरवलं.

विमान थांबलं. नाकापुढचा पंखा फिरायचा थांबला.

‘माझे पाय कुठं होते?’ मॅडमनी विचारलं.

धाकटीनं खाली पाहिलं. मॅडमच्या बाजूलाही तिच्या पेडलना जोडलेली पेडलं होती, पण त्यांचे दोन्ही पाय सीटखाली ओढलेले, घोट्यापाशी एकमेकांत अडकवलेले.

‘तू कशाची वाट बघत होतीस?’

‘विमान...’ धाकटी म्हणाली आणि थांबली. पुढचं वाक्य तोंडात आलं तेव्हाच तिला त्याची लाज वाटली. ‘विमान सरळ होतं ना आपणहून. शेवटी.’

करवतमॅडम पहिल्यांदाच करवतीसारख्या बोलल्या नाहीत. ‘विमान होत नाही गं बाई,’ त्या म्हणाल्या. ‘कुणीतरी करतं.’

हँगरकडे चालताना त्यांनी एवढंच सांगितलं, ‘चाचणी पुढं ढकल. दहा-बारा तास माझ्याबरोबर उड, दुपारचं, वाऱ्यात. जमेल तुला. पण मास्तरांना तू सांगायचं. त्यांची विद्यार्थिनी मी पळवून नेणार नाही.’

त्या संध्याकाळी धाकटी गच्चीच्या पायरीवर बसून बाबांच्या ओळी म्हणत राहिली, पहिलीपासून शेवटपर्यंत. टाकीची ओळ होती, काट्याची होती, ढगाची होती, रेडिओची होती, पंखावर साचलेल्या दवाचीही होती. पायांची नव्हती. तिनं पुन्हा सुरुवात केली. आडव्या वाऱ्यावर एक ओळ होती, ‘वारा आडवा, नाक वाऱ्याला,’ आणि ती तिथंच तुटायची. पुढची अर्धी कधी आलीच नव्हती. जे माणूस जाणून करतो ते शब्दांत बांधतो. जे बाबांचे पाय त्यांना न विचारता करत होते, त्याला शब्द कोण देणार?

तिनं दादाला फोन लावला.

‘दादा, तुझ्या चाचणीत... पेडल हललं होतं का रे?’

पलीकडे पंख्याचा आवाज येत होता. मग दादा हसला. त्या हसण्यात हसू नव्हतं. ‘कळलं तर तुला. मला दोन वर्षं लागली. आधी वाटायचं विमानच बिघडलं होतं. मग वाटायचं मीच बिघडलोय.’

‘मग सांगितलं का नाहीस?’

‘कुणाला? त्यांना? ते म्हणाले असते, नाचता येईना... जाऊ दे. आणि तुला सांगितलं असतं तर तू काय म्हणाली असतीस? खरं बोल.’

ती खरं बोलली. ‘दादा जळतो म्हणाले असते.’

‘बघ,’ दादा म्हणाला. ‘जेवलीस का?’

दुसऱ्या दिवशी दुपारी तिनं बाबांना गाठलं. वारा कालच्यासारखाच होता. ‘सर, आज तुम्ही परीक्षक. पाय सीटखाली घ्या. काही झालं तरी बाहेर काढायचे नाहीत.’

मास्तर खूश झाले. ‘करवतीनं कान भरले वाटतं! मी कधी तुझ्या वेळी पेडलला पाय लावलेत गं? हे घे, घेतले आत. पायांना सांगितलं, बसा रे गप्प.’

पट्टी समोर आली. नाक डावीकडे, वारा लोटतोय, जमीन वर येतेय. नजर पसरायची सोडून धाकटीनं क्षणभर खाली पाहिलं. बाबांचे तपकिरी बूट सीटखालून बाहेर येत होते. चोरासारखे नाही. गाढ झोपेतल्या माणसानं पांघरूण ओढून घ्यावं तसे. बूट पेडलवर टेकले. तिच्या तळव्याखालचं पेडल जिवंत झालं, सरकलं, नाक सरळ आलं. रेघ दोरीसारखी नाकाखाली ओवली गेली. लोणी.

तिनं बाबांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. ते समोर बघत होते, दूर, पट्टीच्या टोकाकडे, आणि गुणगुणत होते. विमान वळून जागेवर थांबेपर्यंत बूट पुन्हा सीटखाली गेले होते.

‘बघितलंस?’ मास्तर म्हणाले. ‘केसासारखं सरळ! आता सांग, कुणाचे पाय?’

त्या चेहऱ्यावर खोटेपणाचा लवलेश असता तर ती भांडली असती. भांडण तिला येत होतं, बाबांकडूनच आलं होतं. पण समोर होता तो निव्वळ आनंद, लेकीनं पहिलं पाऊल टाकताना बघणाऱ्या माणसाचा. तिचं तोंड उघडलं आणि त्यातून ‘छान झालं’ एवढंच बाहेर पडलं.

रात्रीच्या जेवणाला मास्तर बातमी घेऊन आले. ‘बयो, परीक्षकांशी बोललो. जुनी ओळख. म्हटलं, पोरीला सकाळची पहिली वेळ द्या. वारा उठायच्या आत तुझं काम आटोपतं.’

‘बरं झालं बाई,’ आई म्हणाली. ‘एकदाची सुटेल.’

धाकटीनं पाण्याचा पेला उचलला. आता बोलायचं, तिनं ठरवलं. पाणी पिऊन बोलायचं. पाणी संपलं. आईनं विचारलं, अजून वाढू का, आणि ती म्हणाली, वाढ. चाचणी पुढं ढकलायचं वाक्य त्या रात्री निघालं नाही, दुसऱ्या दिवशी निघालं नाही, आणि मग ढकलायला दिवसच उरले नाहीत. तिनं स्वतःला सांगितलं, बाबांना दुखवायला नको. ते अर्धं खरं होतं. उरलेलं अर्धं असं की सकाळची वेळ ऐकून तिला हायसं वाटलं होतं.

चाचणीच्या सकाळी नारिंगी पिशवी खांबाला चिकटून झोपली होती. परीक्षक गोलमटोल गृहस्थ होते, खिशात बडीशेप ठेवणारे. धाकटीनं सगळं चोख केलं. तोंडी विचारलं, आडव्या वाऱ्यात कसं उतरशील, तर तिनं घडाघडा सांगितलं: वाऱ्याकडचा पंख खाली, विरुद्ध पाय, नाक रेघेवर. पुस्तकात होतं तसं, एकही शब्द न चुकता. उतरताना विमान रेघेवर अलगद बसलं. वाराच नव्हता, कुठं जाणार?

‘आडवा वारा काही आज बघायला मिळाला नाही,’ परीक्षक बडीशेप तोंडात टाकत म्हणाले. ‘पण मास्तरांच्या हातची आहेस. त्यात बघायचं काय?’ आणि तिचा हात हातात घेऊन दाबला. ‘अभिनंदन, कॅप्टन.’

दुपारी क्लबात सगळे जमले. करवतमॅडम आपला कप घेऊन कोपऱ्यात उभ्या होत्या. त्यांनी अभिनंदन केलं नाही, टोमणाही मारला नाही. धाकटीकडे एकदा पाहिलं आणि कपात बघत राहिल्या. टोमणा मारला असता तर बरं, असं धाकटीला वाटलं. मास्तर मात्र भरात होते. जो येईल त्याच्या खांद्यावर थाप. ‘हात काय, कुणाचेही तयार होतात हो. पाय जन्मावे लागतात. हिचे पाय माझ्यावर गेलेत!’

मग ते विमानाची किल्ली बोटावर फिरवत तिच्यापुढं आले. ‘चला कॅप्टन. पहिला प्रवासी मी. फिरवून आणा म्हाताऱ्याला.’

बाहेर पिशवी ताठ झाली होती, पट्टीला आडवी. धाकटीनं बाबांचा दंड धरला आणि त्यांना हँगरमध्ये नेलं, विमानाच्या शेपटीमागं, जिथून चहाला जमलेल्या मंडळींना दिसणार नव्हतं.

‘बाबा,’ ती म्हणाली. हँगरमध्ये ती त्यांना पहिल्यांदाच बाबा म्हणत होती. ‘मला ह्या वाऱ्यात उतरवता येत नाही. कधीच आलं नाही. तुम्ही उतरवता. तुमचे पाय. त्या दिवशी सीटखालून आले होते, मी पाहिले. दादालाही येत नव्हतं ते ह्याचमुळं. त्याला पाय नव्हते असं नाही. तुम्ही ते कधी वापरूच दिले नाहीत.’

मास्तर हसायला लागले, आणि हसू मध्येच राहून गेलं. त्यांनी खाली आपल्या बुटांकडे पाहिलं, दुसऱ्या कुणाचे असावेत तसं. छताचा एक पत्रा वाऱ्यानं वाजत होता.

‘त्याला ठाऊक आहे?’ शेवटी त्यांनी विचारलं.

‘हो.’

‘कधीपासून?’

‘तीन वर्षं झाली.’

‘आणि तुला?’

‘आठवडा.’

मास्तरांनी मान हलवली, हिशेब जुळल्यासारखी. ‘म्हणजे आज सकाळी. परीक्षकाच्या शेजारी बसलीस. सही घेतलीस. तेव्हा ठाऊक होतं.’

धाकटीला वाटलं होतं ते चिडतील, नाकारतील, करवतीला शिव्या घालतील. त्या सगळ्याची उत्तरं तिच्याकडे तयार होती.

‘हो,’ ती म्हणाली. ‘सकाळची वेळ होती. सोपं होतं.’

‘सोपं होतं,’ मास्तर म्हणाले. ‘निदान मला तरी माहीत नव्हतं गं.’

त्यांनी किल्ली तिच्यापुढं धरली. ‘जा. एकटी जा. मी पट्टीच्या कडेला उभा राहतो. तिथून माझे पाय पोचायचे नाहीत.’

तिनं किल्लीकडे पाहिलं. हात वर आला नाही. तिनं त्याला वर यायला सांगितलं, तरी आला नाही. मास्तर वाट बघत उभे होते. त्यांच्या डोळ्यांत आव्हान नव्हतं, आणि तेच तिला सोसत नव्हतं. तिनं हात पुढं करावा अशी त्यांची अजूनही इच्छा होती. पत्रा वाजत राहिला.

दारातून बँकेतला विद्यार्थी आत डोकावला. पन्नाशीचा, घाबरट माणूस. त्याचा तास होता. ‘सर, वारा जरा जास्त वाटतोय. आज राहू द्यायचं का?’

मास्तरांनी किल्ली मुठीत मिटली. धाकटीकडे पाहिलं नाही.

‘छे, राहू कशाला द्यायचं?’ ते म्हणाले. आवाज नेहमीचा होता, हसरा, उबदार. ‘चला. मी आहे ना.’

ती हँगरच्या दारात उभी राहिली. विमान वर गेलं, एक फेरी घेऊन तिरकं खाली येऊ लागलं. वारा त्याला लोटत होता. करवतमॅडम कप हातात घेऊन तिच्याशेजारी येऊन उभ्या राहिल्या. जमिनीजवळ नाक हळूच सरळ झालं आणि चाकं रेघेवर टेकली, आवाजसुद्धा न करता.

बँकवाले उतरले ते लहान मुलासारखे धावत आले. ‘बघितलंत का ताई? एवढ्या वाऱ्यात! मी उतरवलं!’

मागं, विमानाच्या दारात मास्तर बसले होते. अजून खाली उतरले नव्हते. पाय बाहेर लोंबत होते, आणि ते त्यांच्याकडे बघत होते.

‘बघितलं,’ धाकटी म्हणाली.